उजवी बाजू, अर्धा इंच जास्त

मापाच्या वहीत मीच लिहून ठेवलं होतं,
आठवीच्या गणवेशाच्या वेळी:
श्रावस्ती. उजवी बाजू, अर्धा इंच जास्त.
का, ते लिहिलं नाही.
घेर तिरका लोंबू नये म्हणून
कापड तेवढं वाढवून कापलं
आणि गप बसलो.
टेलर माणूस. अंगाचं वाकडं कापडात जिरवायचं,
आयुष्यभर तेच शिकलो.

नववीत अर्ध्याचा पाऊण झाला. दहावीत सव्वा.
उदगीरच्या बाजारात कुणाच्या नजरेला आलं नाही;
शिलाई माझी चांगली होती.

लातूरला फोटो काढला तेव्हा
पाठीचा कणा दिसला दिव्यावर,
घाईत मारलेल्या टिपेसारखा, मधेच सरकलेला.
एकतीस अंश, डॉक्टर म्हणाले.
तिची आई आठवत बसली, घागर कोणत्या कमरेवर घ्यायची पोर.
शेजारीण ग्रहण म्हणाली. मी दप्तर म्हणालो.
व्यायामाच्या कुलसुम मॅडम म्हणाल्या,
यातलं काहीच नाही. होतं कधी कधी.
असं उत्तर मांडीवर घेऊन
उदगीरपर्यंत बसमध्ये बसणं लई अवघड.

मॅडमनी तांदळाच्या पिशव्या सांगितल्या.
मी सफारीच्या उरल्या तुकड्यांच्या शिवल्या,
आत ज्वारी भरली. घरात ज्वारीच होती.
आता रोज पहाटे, नळ यायच्या आधी,
अर्धं शटर ओढून ती दुकानात झोपते,
पिशवी उजव्या फासळ्यांखाली,
आणि डावीकडं जिथं दबलंय
तिथं श्वास नेते.
"तिथं जातो व्हय श्वास?"
"न्यावा लागतो, पप्पा. त्याला वाट माहीत नाय."

मग गिऱ्हाइकाच्या आरशासमोर उभी.
टाळूला दोरा बांधून कुणी वर ओढतंय असं समजायचं.
खांदा खाली. तीस मोजायचे.
एखाद्या दिवशी चिडते, पिशवी भिरकावते,
उसवून मशीनखाली ज्वारी सांडते.
मी काही बोलत नाही. झाडून घेतो, पुन्हा शिवतो.
चिमण्यांचं तेवढं भागतं.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. एकतीसच.
माझं तोंड उतरलं.
मॅडम म्हणाल्या, पेढे आणा.
वाढलं नाही. या वयात हे थोडं आहे का?

काल अकरावीच्या ड्रेसचं कापड टाकलं टेबलावर.
खडूनं उजवीकडं वाढवायला गेलो
तर तिनं हात धरला.
"दोन्हीकडं सारखं काप."
"लोंबंल, बाई."
"लोंबू दे. मला दिसायला पाहिजे."

सारखं कापलं. हात कापत होता, कात्री नाही.
घालून आरशासमोर उभी राहिली.
उजवीकडं घेर बोटभर वर.
तिनं डोळे मिटले, डावीकडं श्वास भरला,
आणि घेर खाली आला, हळूहळू,
जवळजवळ सरळ.

श्वास सोडला. पुन्हा वर.

टेप माझ्या गळ्यातच होती.
मी माप घेतलं नाही.
ती म्हणाली, "मोजा ना पप्पा, मोठ्यानं. तीसपर्यंत."
एक.