लाल खेकड्याचं प्रूफ

उद्यमनगरात आमची प्रेस.
खाली ऑफसेट, वर मी, एक टेबलफॅन,
आणि गावभरच्या चुकलेल्या वेलांट्या.
परवा मुलांचं पुस्तक आलं, सोळा पानी.
कव्हरवर खेकडा.
लालभडक. पापण्या आहेत त्याला.
हसतोय.

शुद्धलेखन तसं बरं होतं.
सातव्या पानावर समुद्रकिनारीतला 'कि' दीर्घ पडला होता,
तो ऱ्हस्व केला.
खेकडे धरणारा कोळीदादा मात्र दुरुस्त करता येईना:
गोल टोपी, पांढरी दाढी, तोंडात पाइप,
कुठल्या बंदराला उतरला होता कोण जाणे,
जाळं इतकं नवं की
अजून एकदाही कशात अडकलेलं नाही.

पानं पिशवीत घातली
आणि शेवटच्या केएमटीनं चिखलीला नेली.
आबा सोप्यात बसून
बॅटरीचे जुने सेल दगडावर ठोकत होते.
अवस जवळ आली की ठोकतात.
अवसेचा खेकडा भरलेला, पुनवेचा पोकळ,
हे आमच्या प्रेसमध्ये कधी छापायला आलं नाही.

चष्मा नव्हता. पान हातभर लांब धरून बघितलं.
"ह्यो शिजलाय की गं."
म्हटलं, पोरांसाठी आहे आबा, रंग लागतो.
"लागू दे की. पर शिजलाय.
जित्ता असता तर चिखलागत असता,
पाठीवर उलीसा जांभळा.
असा लाल फिरला असता
तर बगळ्यानं ठेवला असता व्हय?"

मग कोळीदादा.
चेहरा सोडून हातच बघत राहिले त्याचे.
"धाच्या धा बोटं हायत ह्येची."

आबांची साडेनऊ.
ओलं बीळ समजून एकदा कोरड्यात हात घातला होता,
ऐन उसाच्या तोडीत, मी पोटात असताना.
कोरड्या बिळात खेकडा नसतो,
हे ते तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात,
उरलेलं अर्धं बोट नाचवून.

बाराव्या पानावर खेकड्याची आई
चुलीपुढं बसून भाकरी थापते.
इथं आबा हसायचे थांबले.
"आईला चुलीपाशी कशाला न्हेली?"

मला माहीत होतं ते का विचारतात.
धरलेला प्रत्येक खेकडा ते उताणा करतात, बॅटरी तोंडात धरून.
पोटाचं झाकण रुंद असलं,
आणि झाकणाखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळली,
तर पाण्याशी वाकून हात उघडतात.
टाकत नाहीत. उघडतात.
आई चिडायची. चार माणसं जेवायला,
पाटा धुऊन ठेवलेला, वाटण तयार,
आणि पोत्यात तीन खेकडे.

सकाळी साहेबांना फोन केला,
रंग बदलता येईल का म्हणून.
साहेब म्हणाले, मातकट खेकडा कोण घेतंय?
लाल खपतो. तुम्ही वेलांट्या बघा.

रात्री आबांना तसं सांगितलं.
वाटलं, चिडतील.
ते पानाकडं बघत राहिले बराच वेळ,
त्या पापण्यांकडं, त्या हसण्याकडं.
"म्हंजे शिजल्यावर बोलतोय ह्यो," म्हणाले.
"लई खेकडं शिजलं ह्या घरात,
कुणी एक शबुद बोललं न्हाई.
वाच बघू काय म्हणतोय."

अवस होती. पोतं दाराशी तयार होतं.
आबांनी बॅटरी विझवली,
बिळाच्या तोंडाशी बसतात तसे बसले,
गुडघ्यात वाकून, श्वास बारीक करून,
ते साडेनऊ बोटांचे हात पुढं,
रिकामे.

मी पहिलं पान उघडलं.