पिवळी वायर

विडी घरकुलातून गज्जम काकू आल्या रिक्षानं,
मांडीवर संगणक, चादरीत गुंडाळलेला.
तक्रार एवढीच: टॉवेलवरचा मोर
निम्मा रंगला की बंद पडतो.
मोर नव्हे, संगणक.

मीटरची काळी टोचणी काळ्या वायरीत,
लाल टोचणी पिवळीत.
बारा पूर्णांक शून्य चार.
लाल वायर पाच. नारिंगी तीन पूर्णांक तीन.
पाढे म्हणावेत तसं.
काकू ओशाळल्या. बघा, इथं कसं शहाण्यासारखं वागतंय.

बसवराज म्हणायचा, दुकान तेव्हा त्याचं होतं,
रिकाम्या हाताला विचारू नये दुखतंय का.
आधी हातात घागर दे.

म्हटलं, काकू, मोर उघडा.
पिसारा भरू लागला. पंखा घरघरला.
अकरा नव्वद.
अकरा साठ.
अकरा चाळीसच्या खाली काही खरं नसतं,
हे मी बोलेपर्यंत अकरा दहा,
आणि त्या मोराच्या डोळ्यातच घालवत होत्या निळा,
तोवर पडदा काळा.

प्लग काढला. चहा प्यायलो. मग डबा खोलला:
पंख्याला मागाच्या सुताचा बोळा,
आणि तीन कपॅसिटर, टम्म,
तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखे.

काकू बराच वेळ ते तीन बघत होत्या.
शेजारच्या शेडचे माग सहाला सुटतात,
तेव्हा आमचा बल्बपण मान टाकतो, म्हणाल्या.
मग तर घरीही यावं लागेल मीटर घेऊन.

नवा सप्लाय बाराशेचा. शंभर सोडले.
चादर विसरताय, म्हटलं.
राहू दे इथंच, म्हणाल्या,
लागेलच की.