रेघेची जाडी

चोवीस वॉर्डांची मुंबई मी एकोणतीस वर्षं गिरवली,
ट्रेसिंग कागदावर, पॉइंट पाचच्या पेनानं.
ए म्हणजे समुद्रात बुडवून ठेवलेलं शेपूट.
बी आणि सी इतके दाट
की गल्लीचं नाव गल्लीत मावत नाही;
भुलेश्वरात मी नुसते आकडे घालायचो
आणि समासात खुलासा.
डीला टेकडी आहे. समोच्च रेषा काढताना
तिथे हात आपोआप अदबीनं वागतो.
टीच्या डोक्यावर रान. शाई वाचते.
एम पूर्वेला कचऱ्याचा डोंगर;
त्याची उंची किती दाखवू, विचारलं
तर साहेब म्हणाले, देवानं केलेले डोंगर तेवढे दाखवा.

आय नाही. जे नाही. ओ आणि क्यूही नाहीत.
का, ते खात्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
पेंडुरकर डब्यातला सुकट-भात कालवत म्हणायचा,
ज्यांचे अर्ज सापडत नाहीत
ते सगळे क्यू वॉर्डात राहतात.
आम्ही हसायचो.

जैनब शिकलगार मार्चअखेरीला आली.
पिशवीत दोन पोचपावत्या, दोन वेगळ्या शिक्क्यांच्या.
एल म्हणतो, एम पश्चिमला जा.
एम पश्चिम म्हणतो, नाल्याच्या अलीकडे एल.
गटार सात महिने तुंबलंय, साहेब,
त्यात घूस मरून पडलीय,
तिचा वॉर्ड कोणता ते तरी सांगा.

मी पत्रक काढून टेबलावर पसरलं. घर दाखवा.
तिनं बोट ठेवलं;
बोटाखाली दोनशे घरं गेली.
मग नख. मग मी भिंग दिलं.
मग तिनं केसातली पिन काढली
आणि श्वास धरून
टोक टेकवलं.

रेघेच्या या अंगाला नाही, त्या अंगाला नाही.
रेघेत.

प्रमाण एकास पाच हजार.
अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर,
आठ फुटांहून किंचित जास्त.
तिची खोली आठ बाय दहा.
माझ्या निबाच्या रुंदीत
एक शेगडी, धार लावायची सान,
आजारी सासरा, तीन पोरं,
आणि पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.
एकोणतीस वर्षं मी शाई सोडत होतो
ती कुणाच्या तरी छपरावर.

लंच टाइममध्ये, कुणी नसताना,
मी अर्ध्या ब्लेडनं रेघ खरवडली.
कागदाला भोक न पाडता खरवडायची एक तऱ्हा असते,
ती मला येते.
केसभर सरकवली, नाल्याकडे.
जैनबचं घर एल वॉर्डात पडलं.
सही केली नाही. मागितलीही नाही कुणी.

चौथ्या महिन्यात गटार साफ झालं.
गाळ काढायला आलेल्यांबरोबर
एक कारकून होता, त्याच्या हातात नवी प्रत.
गटार बघून झाल्यावर
त्यानं मान वर करून घर बघितलं.
नोटीस, कलम, पंधरा दिवस.

ती पुन्हा आली. भांडायला येईल वाटलं होतं.
खुर्चीत बसली नाही.
पिन केसातून काढून
टेबलावर ठेवली, विचारलं,
पहिलं होतं तिथंच
परत नाही का ठेवता येणार?

मूळ ट्रेसिंग तोवर अमोनियाच्या खोलीतून
छापून सगळीकडे गेलं होतं.
मी तसं सांगितलं. अमोनिया म्हणजे काय
तेही उगाच समजावत बसलो.

निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं.
पेंडुरकरनं नंतर कधी क्यू वॉर्डाचं काढलं
तर मी डबा बंद करून उठायचो.
माझ्या हद्दी जाड येऊ लागल्या.
साहेबांनी एक पत्रक खिडकीशी धरलं,
म्हणाले, डोळे तपासून घ्या.
हो म्हटलं,
आणि जागेवर येऊन
पेनाला पॉइंट आठचं निब लावलं.