कार्ड नंबर बारा

पोळ्याला चार दिवस उरलेले.
ग्रामसभेच्या खोलीत मी, लॅपटॉप,
आणि युरियाच्या रिकाम्या गोणीवर ठेवलेला इन्व्हर्टर.
जुन्या डेटाबेसात तेंदूपत्त्याचं एक टेबल होतं,
त्याची मी जावात एंटिटी केली :
रकान्यासमोर रकाना, नाव, टोला, पुडे,
आणि कार्ड क्रमांकाच्या डोक्यावर
आयडीची खूण.
जेवायच्या आत झालं.

यादी निघाली, चारशे नऊ ओळी.
टेबलातही चारशे नऊच.
मी ओळी मोजल्या, माणसं वाचली नाहीत.
यादी बँकेत गेली, पैसेही गेले.

मग जानो पदा आली, कोसमटोल्याहून, नाला ओलांडून.
"माहा नाव नाई म्हन्ते बँकवाला."
म्हटलं, बाई, ओळी बरोबर आहेत.
"ओळी असतीन. मी नाई."

शोधलं. बारा नंबरच्या ओळी दोन,
दोन्हींवर मैनी कुमोटी,
दोन्हींवर दोन हजार एकशे चाळीस पुडे.
थेट टेबलात डोकावलो
तर तिथे जानो पदा नीट बसलेली,
दोन हजार तीनशे चौदा पुडे घेऊन.
डेटाबेस खरं सांगत होता,
माझा क्लास मैनीलाच दोनदा हजर करत होता.

हायबरनेटचं हे असं :
एकदा बारा नंबर ओळखीचा झाला
की दुसऱ्या बाराचं तोंड बघायला ते उठत नाही.
आमच्याकडची अस्वलं हिवाळाभर जागी असतात,
हे नाव ठेवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

फडमुन्शी गुरनुलेंना फोन लावला.
"बारा नंबर एकच कसा राहीन, सायेब?
फड दोन होते.
मी मोहाखाली बसलो, सिडाम येनाखाली.
ज्यानं त्यानं एकपासून सुरू केलं."

म्हणजे फड आणि कार्ड, दोन मिळून एक की.
तिचा वेगळा क्लास लिहिला, दोनच फील्ड,
आणि त्याला शिकवावं लागलं
सारखं कोणाला म्हणायचं :
फडही तोच, कार्डही तेच, तरच.
गुरनुलेंना हे कोणी शिकवलं नव्हतं.

चालवलं. जानो आली,
पण आता तिचं बँक खातं नल.
लाइन गेली. इन्व्हर्टर कुंथत राहिला.
तासाभरानं दिसलं :
फडाचा रकाना सहा अक्षरांचा,
फडाचं नाव दोन अक्षरांचं,
पुढच्या चार जागा कोऱ्या,
आणि जावा कोऱ्या जागाही मोजते.
बँकेच्या फाइलीत त्या नव्हत्या.
नसलेल्या चार अक्षरांवर
दुपार गेली.
छाटली.

जानो उंबऱ्याशी बसली होती,
शेणानं सारवलेल्या कडेला पाठ न टेकता.
म्हटलं, मैनीबाईंच्या खात्यात गेलेत तुमचे,
पुढच्या हप्त्यात तिचे कापू.
"काहाले? तिनं तवाच आनून देल्ले.
दोनदा आले म्हने, एकदाचे तुहे."

मग एवढ्या लांब आलात कशाला?

"तिचे पुडे कमी होते ना, गा."

मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तीच म्हणाली,
"पावनेदोनशाले एक कमी."
एकशे चौऱ्याहत्तर.
लिहून घेतलं. कागदावर, पेनानं.

क्लास दुरुस्त आहे आता.
दोन फडांत मिळून
सारख्या नंबरांच्या जोड्या एकशे ब्याण्णव.
त्यांतली एक झाली.
म्हटलं, तुमच्या फडात तेरा नंबर कोण?

ती उठली, लुगडं झटकलं.
"तेरा? थे रैनू हिचामी.
तिच्याकडं अजून कोनी आलं नाई."