अर्धा फेरा

अकराव्या मिनिटाला मेला.
परवा मेला, काल दोनदा,
आज पहाटे, मी कॉफी ओततोय तोवर.
निळा पडदा, मग काळी काच,
काचेत एक म्हातारा, चष्मा कपाळावर,
जो माझ्याकडे असा बघतो
जसं काही मीच काहीतरी केलंय.

प्रोसेसर हेल्काने पाठवला, तुर्कूहून.
तिचा जुना, माझा नवा.
प्लास्टिकच्या डबीत, डबी लोकरी मोज्यात
(मोजा माझाच, चार वर्षांपूर्वी हरवलेला).
चिठ्ठीत एवढंच : बाबा, आता तुमची फिल्म धावेल.

फिल्म म्हणजे बत्तीस हिवाळे.
बॉथनियाच्या आखातात बर्फ फोडत जाणारं जहाज,
मी त्याच्या पोटात, इंजिनापाशी,
आणि सुट्टीच्या तासाला वर येऊन
थरथरत्या हाताने घेतलेली चित्रं.
तीच जोडतोय. तिसऱ्या हिवाळ्यापुढे जात नाही.

वही काढली. सवय आहे.

उणे सव्वीस. वारा ईशान्येचा.
बायोस नवं भरलं. अकरावं मिनिट. मेला.

उणे चोवीस.
ग्राफिक्स कार्ड उपसून ठेवलं. मेला.

उणे सत्तावीस. बंदर गोठलेलं.
तापमान पाहिलं : थंडगार आहे बिचारा.
म्हणजे उष्णता नाही. तरीही मेला.

एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणायचा
आमचा बडा इंजिनिअर लेह्तोवारा,
पाइपवर पाना आपटत.
दोन बदलल्यास तर चोर सापडणार नाही,
फक्त घर उलथंपालथं होईल.

तळमजल्यावरचा प्युरी आला,
वय पंधरा, बोलतो ते जमिनीशी.
स्वतःचा पॉवर सप्लाय काढून आणला होता,
काखेत, पाव आणावा तसा.
तोही लावला.
अकरावं मिनिट.

मग मेमरीच्या पट्ट्या. दोन.
ही एकटी लावली, चालते.
ती एकटी, त्याच खाचेत, चालते.
शेजारच्या खाचेत कुठलीच दिसत नाही,
जणू तिथे कुणी राहतच नाही.
प्रोसेसर उचलला, तिकिटांच्या भिंगाखाली धरला.
एकही पिन वाकलेली नाही.
हेल्काने नीट सांभाळला होता.

प्युरी वाकून बोर्डाकडे बघत राहिला.
"हा पंखा कुणी बसवला?"
मी.
"कशाने आवळलात?"
मी हात दाखवला.

या हाताबद्दल थोडं सांगायला हवं.
खाली, इंजिनात, सैल नट म्हणजे थाप.
आज नाही तर उद्या पाणी आत येतंच.
एकदा रात्री फ्लँजचा एक बोल्ट ढिला राहिला
तर पहाटेपर्यंत आम्ही गुडघाभर तेलात.
तेव्हापासून आवळल्यावर आणखी एकदा आवळतो.
बरणीची झाकणं, बुटांच्या नाड्या, सौनाचं दार.
माझ्यानंतर झाकण कुणाला उघडत नाही,
बायको हयात असताना शेजारी घेऊन जायची.

प्युरीने पोलादी पट्टी आडवी ठेवली.
पट्टीखालून उजेड दिसला.
केसाएवढा.
बोर्ड वाकलं होतं, गुपचूप, एका कोपऱ्याकडे,
आणि एवढ्याशा बाकाने
अर्धी मेमरी हाक ऐकेनाशी झाली होती.

चारही स्क्रू सोडले. नवी पेस्ट, वाटाण्याएवढी.
पुन्हा बसवले, तिरपे तिरपे, दोन बोटांनी.
जिथे माझा हात म्हणाला, अजून,
तिथे पोरगं म्हणालं, पुरे.
मग चिमटीत धरून अर्धा फेरा मागे.
खरं सांगतो, तो अर्धा फेरा
मला त्या फ्लँजपेक्षा जड गेला.

नववं मिनिट. दहावं.
प्युरीच्या तोंडातली वेलचीची पोळी तशीच.
अकरावं.
बारावं आलं आणि गेलं,
कुणी काही बोललं नाही.

चौथा हिवाळा. डेकवर घरच्यांचा दिवस.
सहा वर्षांची हेल्का, लाल टोपी,
कमरेला दोर, दोर माझ्या मुठीला.
जहाजासमोर बर्फ तडकत गेलेला,
सगळी पोरं कठड्याला लोंबकळून बघतायत.
तिचा दोर कठड्यापर्यंत पोचत नाही.

"ही कुठे बघतेय?" प्युरीने विचारलं.
दुसऱ्या पोरांच्या पाठींकडे.

उणे एकोणीस. वारा पडला.
यंत्र चालू. दोन्ही पट्ट्या हजर.
वहीत शेवटी एक रकाना असतो, दोषाचं कारण.
तिथे मी आजवर गॅस्केट, झडप, गंज, खारं पाणी
असलं काय काय लिहिलंय.
पेन बराच वेळ धरून बसलो.
प्युरी सप्लाय काखेत मारून निघाला,
दार त्याने ओढून घेतलं, नुसतं,
आणि ते लागलं.