कुणगा नंबर सात

भात कापून झालं की देवळाचा मळा वाटतात,
चिठ्ठ्या टाकून. दिवाळी उलटली तरी
तळपायाला खुंटं टोचत असतात.
मला सात नंबर आला :
दहा पावलं लांब, सहा रुंद,
खाडीच्या अंगाला बांध, बांधापलीकडे चिपी.
चिठ्ठी उघडली तेव्हा जाणत्यांनी
आधी माझ्याकडे पाहिलं, मग बांधाकडे.

एकतीस वर्षं शिरोडा–सावंतवाडी गाडीवर
तिकिटं पंच केली.
आता तर्जनीनं मातीला भोकं पाडतो,
एका भोकात मुळ्याच्या तीन बिया,
मोजून.

उगवले. सगळेच उगवले.
आठ नंबरवाली कार्मेलीन बांधावरून म्हणाली,
'रे मास्तर, विरळ कर. गाडयेत दाटी झाली.'
मला जमेना.
दारात लटकलेल्यालाही मी आत ओढला,
भर रस्त्यात कुणाला उतरवला नाही.
'आत सरका, आत सरका',
मुळ्यांनाही तेच म्हणालो.

जेवायला घरी गेलो तेवढ्यात
तिनं अर्धा वाफा उपटला.
रात्री तोच कोवळा पाला
कांदा-खोबऱ्यावर परतून माझ्या दारात,
वाटीवर बशी पालथी.
दोन दिवस मी बोललो नाही.
वाटी मात्र पुसून खाल्ली.

पाण्याची पाळी मंगळवारी आणि शनिवारी.
सहा नंबरचा वासू पेडणेकर
दोन मिनिटं जास्त घेतो दर वेळी.
विनातिकीट. मी बघतो आणि सोडतो.
सुक्या तारल्यांची कुटी घातली तेव्हा कळलं,
गावातली सगळी मांजरं मला ओळखतात.

पौषी पुनवेला उधाण आलं.
बांधाला कुर्लीनं पाडलेलं एक भोक,
माझ्या तर्जनीएवढंच.
सकाळी वाफ्यात पाणी नव्हतं,
नुसती पांढुरकी चमक.
चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकलो.
मिरच्यांनी दुपारपर्यंत माना टाकल्या,
वांग्यांनी तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी शनिवार, पाळी कार्मेलीनची.
तिनं स्वतःच्या कुणग्याची फळी लावली
आणि माझी काढली.
'मीठ धुवान जाऊंदे,' एवढंच.
वहाळाचं गोडं पाणी सऱ्यांतून फिरत राहिलं,
ती गुडघ्यावर बसून भोकावर चिखल थापत राहिली.
मी काय करावं ते न सुचून
घड्याळ बघत उभा.
अकरा मिनिटं.
तिची चवळी त्या आठवड्यात सुकीच राहिली.

मुळे तेवढे वाचले. बारके, तिखट.
काढताना एका भोकात तीन निघाले,
तिच्या नजरेतून सुटलेले,
एकमेकांना विळखा घालून वाढलेले,
कुठला कुणाचा ते सांगता येऊ नये असे.
तसेच मातीसकट घेऊन गेलो.
'बघ, बसले की नाही तिघं?'

तिनं वाकडं तोंड केलं,
नळाखाली धुतले, विळीवर चकत्या केल्या.
मी फळीवरची मिठाची बरणी पुढे सरकवली.
एक चकती चावून
ती जरा वेळ गप्प,
मग बरणीचं झाकण लावत म्हणाली,
'घालूक नको.'