सोमवारची वाळू

सोमवारी सकाळी समुद्र येतो भूगावला.
ताम्हिणी चढून, पिरंगुटला तासभर अडकून
धामाले शेठच्या वॉशिंग सेंटरपुढं
रांगेत थांबतो, काचा खाली करून.

बाहेरून पाणी मारतो बसलिंग.
आतलं माझ्याकडं. व्हॅक्यूमचा पाइप,
दोन फडकी, एक जुना टूथब्रश.
आठ वर्षं झाली. आता पायाखालचं मॅट झटकलं
की सांगते कोण कुठं जाऊन आलं.
काळपट असली तर दिवेआगर,
पांढुरकी काशीदची,
सुरूच्या काड्या टोचल्या की दापोलीकडचं काहीतरी.
आंजर्ल्याची वाळू मात्र चिवट,
सीटबेल्टच्या बकलात जाऊन बसते
आणि महिनाभर करकरते.

मी समुद्र एकदाच पाहिलाय. पाहिलाय म्हणजे,
नणंदेच्या लग्नाला अलिबागला गेलो, रात्री पोचलो,
पहाटेच्या गाडीनं परत.
अंधारात नुसता आवाज होता,
कुणीतरी मोठी सतरंजी ओढत नेल्यासारखा.

मागच्या सीटखाली सगळं घर सापडतं.
अर्धी आंबापोळी. एका पायाची चप्पल, बोटाएवढी.
डॉल्फिनच्या बोटीची पाच तिकिटं,
इतकी चुरगाळलेली, की दिसला नसणार.
उलटीची पिशवी (गाठ मारलेली, देव भलं करो).
कुणा आजोबांचा गोळ्यांचा डबा,
शनिवार रिकामा, रविवार तसाच भरलेला,
म्हणजे मजा आली असणार.
भांडणसुद्धा कळतं:
डावीकडची एसीची जाळी पार मिटलेली,
आणि मधल्या खाचेत टिश्यूचे गोळे.

गांगल बाईंची राखाडी वॅगनार.
"सगळी करा," म्हणाल्या,
"मागं डावीकडं तेवढं नको. तिथली वाळू राहू दे."
शेठनं माझ्याकडं बघितलं.
मी पाइप उजवीकडं वळवला.
दर दोन महिन्यांनी येतात.
गाडी आता लांब जात नाही,
डेक्कन, बँक, कोथरूड.
डावीकडं अजून चिमूटभर आहे.
त्या बाजूला मी फडकं ओलं करत नाही.

बाकीचे तसे नसतात.
दारांच्या कप्प्यात शिंपले निघतात, ओंजळभर.
आम्ही विचारतो, "हे ठेवायचं का?"
"टाका हो, कचरा आहे."
काल हाच कचरा पोरांनी
मुठी आवळून आणलेला असतो घाटभर.
मी टाकत नाही. गुलकंदाची बरणी आहे माझ्याकडं.

आमची सुट्टी गुरुवारी.
मे महिन्यात एका गुरुवारी दोन बस बदलून
रेवतीला खडकवासल्याला नेली.
चौपाटी म्हणतात तिला,
पुणेकरांना म्हणायला काय जातं.
पाणी आटून मागं सरकलेलं,
भाजलेल्या कणसाचा धूर, चिखलात बुटांचे ठसे.
"लाटा कुठंयत?"
"ये जा, आधी भजी घेऊन ये बाबांबरोबर."

ती रांगेत उभी राहिली तेवढ्यात
मी पदराआड बरणी उघडली.
एक इथं, दोन दगडापाशी,
तो मोठा, गुलाबी कडांचा, जरा खोल,
अंगठ्यानं दाबून वर ओला चिखल ओढला.
शेजारच्या काकू बघत होत्या.
त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पहिला सापडला तेव्हा ओरडली.
दुसरा, तिसरा. भजी गार झाली.
चौथा मात्र तिनं नाकाशी धरला,
पुन्हा धरला, माझ्याकडं बघितलं:
"आई, याला गाडीतल्या सेंटचा वास येतोय."

मी कणसाला लिंबू चोळत राहिले.
ती थोडा वेळ गप्प होती.
मग फ्रॉकचे दोन्ही खिसे भरले,
आणि दगडापलीकडं खणायला लागली,
जिथं मी काहीच पुरलं नव्हतं.